पिवळा बावटा

आमच्या घरात जुन्या माणसांची वयं सनावळीने सांगत नसत. आजोबांचा जन्म कधीचा असं विचारलं की थोरली आत्या म्हणायची, "मानमोडीच्या आदल्या सालचा." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पणजोबा तेव्हा मुंबईच्या गोदीत खलाशी होते. दसऱ्याच्या सुमारास आगबोटीने गावी आले ते अंगात कणकण घेऊनच. चार दिवस घोंगडी पांघरून पडले आणि उठले. पाचव्या दिवशी पणजी आडवी झाली, ती उठली नाही. आजोबा अकरा महिन्यांचे होते. शेजारच्या घरातल्या एका लेकुरवाळीने त्यांना आपल्या मुलाबरोबर पाजलं, म्हणून आमचं घर पुढे चाललं. पणजोबा त्यानंतर बत्तीस वर्षं जगले, पण दसऱ्याला कधी गावी आले नाहीत.

मी त्याच खलाशाचा पणतू. तेलवाहू जहाजांवर ऑफिसर म्हणून माझी वीस वर्षं गेली. बंदराजवळ पोचलं की आम्ही आजही डोलकाठीवर पिवळा बावटा चढवतो. आमच्या जहाजावर आजार नाही, आम्हाला आत येऊ द्या, असा त्याचा अर्थ. मग बंदराचा डॉक्टर किंवा एजंट कागद तपासतो, परवानगी मिळते, बावटा उतरतो. नोकरीची पहिली दहा वर्षं मी तो अगदी यंत्रवत चढवला-उतरवला. त्या कापडाच्या चौकोनाकडे मी नीट पाहायला लागलो तो पॅसिफिकमधल्या एका लहानशा बंदरामुळे.

अमेरिकन सामोआतलं हे बंदर नकाशात पागो पागो असं लिहिलेलं असतं. तिथली माणसं पांगो पांगो म्हणतात, कारण सामोअन भाषेत तो ग नाकातून येतो. २०१४ साली आम्ही पहिल्यांदा तिथे तेल घेऊन गेलो. तुतुइला बेट लांबून पाहिलं की बंदर कुठे आहे ते कळतच नाही. दक्षिणेकडून आत शिरायचं. उजव्या हाताला पियोआचा डोंगर उभा, जेमतेम ५२३ मीटर उंच, पण थेट पाण्यातून वर आलेला, म्हणून छाती दडपते. मग बंदर पश्चिमेला काटकोनात वळतं आणि मागचा समुद्र दिसेनासा होतो. ज्वालामुखीचं तोंड खचून त्यात समुद्र शिरला, त्यातून हे बंदर झालं. आत पाणी इतकं शांत की पाइलटच्या बोटीच्या लाटा काठावर आपटलेल्या ऐकू येतात.

आणि पाऊस. त्या डोंगराला इंग्रजीत पाऊस पाडणाराच म्हणतात. ढग येतात, पियोआला अडतात आणि बंदरावर रिते होतात. वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर. मी कोकणातला, मला पावसाचं कौतुक कोणी सांगू नये, पण आमचा पाऊस चार महिने कोसळून दिवाळीपर्यंत निरोप तरी घेतो. तिथला बारा महिने मुक्कामाला असतो. पत्र्यावर त्याचा आवाज सुरू झाला की मला आमच्या पडवीची आठवण यायची. बुरशीचा वासही तोच, कपाटात ठेवलेल्या चपलांना येतो तो.

धक्क्याच्या वर एका टेकडीवर पांढरं, लाकडी, दुमजली घर दिसत होतं. चारी बाजूंनी व्हरांडा. एजंटाने सांगितलं, ते गव्हर्नमेंट हाउस, १९०३ साली अमेरिकन नौदलाने बांधलेलं. टेकडीचं नाव माउंगा ओ आलीई, सरदारांची टेकडी. "नौदलाने?" मी विचारलं. तो म्हणाला, "इथे सगळं नौदलानेच बांधलं. एकावन्न सालापर्यंत नौदल म्हणजेच सरकार होतं." हा धागा हाती लागला आणि नंतर कित्येक रात्रींच्या वॉचनंतर केबिनमध्ये जागून मी त्या नौदल ठाण्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

सगळ्याचं मूळ कोळशात होतं. वाफेच्या युद्धनौकेला दर काही हजार मैलांवर कोळसा लागे, आणि होनोलुलूपासून पांगो पांगो सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर अगदी मोक्याच्या जागी. अमेरिकेने १८७८ च्या तहाने इथे कोळशाचं ठाणं करायचा हक्क मिळवला आणि वीस वर्षं त्याचं फारसं काही केलं नाही. दरम्यान मार्च १८८९ मध्ये शेजारच्या आपियाच्या उघड्या बंदरात वादळ आलं. सामोआ कोणाचं यावरून अमेरिका, जर्मनी आणि ब्रिटन यांची जहाजं तिथे एकमेकांवर डोळे वटारून उभी होती. तिन्ही अमेरिकन आणि तिन्ही जर्मन युद्धनौका बुडाल्या किंवा किनाऱ्यावर आदळल्या. एकटी ब्रिटिश कॅलिओपी भर वाऱ्यात इंजिनं पूर्ण ताणून बाहेर पडली. त्या वादळानंतर पांगो पांगोच्या वळणदार, झाकलेल्या बंदराची किंमत निराळी सांगायची गरज राहिली नाही.

१८९९ च्या तहात बेटांची वाटणी झाली. उपोलू आणि आपिया जर्मनीला, तुतुइला अमेरिकेला. त्याच्या थोडं आधीच, त्या वर्षीच्या ऑगस्टात, कमांडर टिली अबारेंडा नावाचं कोळशाचं जहाज घेऊन आला होता आणि धक्का बांधायला लागला होता. १७ एप्रिल १९०० रोजी तुतुइलाच्या सरदारांनी करारावर सह्या केल्या, फांगातोंगोच्या टेकडीवर झेंडा चढला, आणि एका कोळशाच्या वखारीचा प्रमुख एका देशाचा राज्यकर्ता झाला. ठाण्याचा कमांडंट तोच गव्हर्नर, कायदे करणाराही तोच. नौदलाचा डॉक्टर बेटाचा आरोग्य अधिकारी, पगार वाटणारा अधिकारी खजिनदार. दीड-दोन वर्षांनी बदली आली की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून.

टिलीने पहिल्याच वर्षी दोन गोष्टी केल्या, त्यांबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो. सामोअन लोकांना दारू विकायला बंदी आणि त्यांची जमीन परक्याला विकायला बंदी. आमच्या किनाऱ्यावरच्या कातळाचे सातबारे कोणाकोणाच्या नावावर गेले ते पाहिलेल्या माणसाला ही दुसरी बंदी किती लांबचा विचार करून घातलेली होती ते लगेच कळतं. आजही तिथली बहुतेक जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे.

कर रोख नव्हता, खोबऱ्यात होता. गावाने ठरलेलं खोबरं आणून द्यायचं, सरकारने ते लिलावात विकायचं, म्हणजे एकेकट्या गावाला व्यापारी नाडणार नाहीत असा हिशेब. कल्पना चांगली होती. पुढे भांडणही त्यावरूनच झालं, ते नंतर सांगतो.

मला सगळ्यात जास्त वेड लावलं ते फीता फीतांनी. सामोअन भाषेत या शब्दाचा अर्थ शिपाई. टिलीने १९०० मध्येच स्थानिक तरुणांची ही तुकडी उभी केली. ते अमेरिकन नौदलात भरती झालेले असत, पण त्यांचा गणवेश दुसऱ्या कुठल्या आरमारात सापडणार नाही. वर पांढरी बनियन, कमरेला लाल कंबरपट्टा, खाली काठाला पट्टे असलेला निळा लावालावा, म्हणजे आपल्या लुंगीसारखं वस्त्र, डोक्याला लाल फडकं आणि पाय अनवाणी. एका जुन्या फोटोत ते रायफली घेऊन ओळीत उभे आहेत. मागे ओले डोंगर, समोर मैदानात साचलेलं पाणी. मी तो फोटो मोठा करून त्यांचे पाय पाहिले. चिखलात बोटं रुतलेली, पंजे रुंद, टाचा भेगाळलेल्या. आमच्या गावच्या तांडेलांचे पाय असेच. होडीच्या ओल्या फळीवर ते पाय चिकटल्यासारखे टेकतात, बूट घालणाऱ्याला ते कधी जमत नाही. पहारा, पोलिसी काम, बोटी वल्हवणं, बँड, सगळं हीच माणसं करत.

बाकी ठाण्यावरचं आयुष्य म्हणजे वाट पाहणं. सॅन फ्रान्सिस्को ते सिडनी जाणाऱ्या सोनोमा, व्हेंचुरा या आगबोटी काही आठवड्यांनी यायच्या. त्या दिवशी ठाणं जागं व्हायचं. टपाल, बर्फ, नवे चेहरे, धक्क्यावर चटया आणि शंख विकायला बसलेल्या बायका. बोट गेली की पुन्हा पाऊस. कोळसा आला की मात्र हाल. दमट उष्ण हवेत टोपल्या आणि पोती वाहायची, काळी धूळ घामावर बसून अंगाची सालं निघायची, आणि वखारीतला कोळसा आपोआप तापून पेटत तर नाही ना म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं. हत्तीपायाची भीती सगळ्यांनाच होती. डासांमधून होणारा तो आजार बेटावर घरोघर होता, आणि गोऱ्या खलाशाला पायाला साधी सूज आली तरी रात्रीची झोप उडायची.

लढाई तिथे कधी झालीच नाही. पहिल्या महायुद्धात शेजारचं जर्मन सामोआ ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूझीलंडने एकही गोळी न झाडता घेतलं, आणि पांगो पांगोचे लोक रोज झेंडा चढवत-उतरवत राहिले. अशा ठाण्यावर उरतात त्या फक्त सवयी. ठरल्या वेळी पहारा बदलणं, येणाऱ्या प्रत्येक गलबताची नोंद, आणि बिनतारी खोलीत कानाला यंत्र लावून जगाच्या बातम्या उतरवून घेणं. जहाजावर माझंही आयुष्य याच सवयींवर चाललं आहे. रात्री बारा ते चारच्या वॉचमध्ये क्षितिजावर काही नसतं, तरी दर काही मिनिटांनी आपण दुर्बीण उचलतो.

१९१८ च्या शरदात त्या बिनतारी खोलीत साथीच्या बातम्या यायला लागल्या. गव्हर्नर होता जॉन मार्टिन पॉयर, आजारपणामुळे नौदलातून निवृत्त झालेला आणि परत बोलावलेला माणूस. ३० ऑक्टोबरला टालून नावाची आगबोट ऑकलंडहून निघाली. तिच्यावर आजारी माणसं होती. फिजीत सुवा बंदरात तिच्या उतारूंना खाली उतरू दिलं नाही. ७ नोव्हेंबरला ती आपियाला लागली, आणि तिथे तिला मोकळीक मिळाली. माणसं उतरली, आपापल्या गावी गेली. आपियापासून पांगो पांगो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडचे लोक एकाच भाषेचे, एकाच कुळांचे. इकडची मुलगी तिकडे दिलेली, तिकडचा मामा इकडे. होड्यांची ये-जा रोजची.

पॉयरने बंदर बंद केलं. पण बंदर बंद करणं सोपं असतं, किनारा बंद करणं नाही. शेकडो वर्षांच्या सोयरिकीच्या वाटा कोणत्या आरमाराला अडवता येतील? तुतुइलाला वळसा घालायला त्या ठाण्याकडे ना तितकी जहाजं होती ना माणसं. किनारा राखला तो गावांनी. गावोगावच्या पुरुषांनी आपापल्या पुळणीवर पहारा ठेवला, आणि पलीकडून होडी दिसली की तिला परत पाठवलं. हे वाचताना माझा हात पुस्तकावरच राहिला. होडीत कोण असेल? भाऊ असेल, साडू असेल. घरात मेलेली माणसं ठेवून चार घास मागायला आलेला असेल. आणि काठावर अनवाणी उभा राहून एकजण त्याला हाताने परत जा म्हणून सांगत असेल. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पॉयरला नेव्ही क्रॉस हे अमेरिकन नौदलाचं पदक मिळालं, ते त्याचं होतंच. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो काठावरचा माणूस.

आपियाहून टपाल घेऊन आलेल्या बोटीलाही पांगो पांगोत वेगळं ठेवलं. तिकडचा न्यूझीलंडचा प्रशासक लोगन याला तो अपमान वाटला आणि त्याने रेडिओचा संपर्कच तोडला. पॉयरने डॉक्टरांची मदत देऊ केली होती, अमेरिकेच्या वाणिज्यदूतामार्फत निरोप पोचला होता. लोगनने उत्तर दिलं नाही. पश्चिम सामोआत, म्हणजे आपियाकडच्या बेटांवर, सुमारे ८,५०० माणसं मेली, साधारण ३८,००० वस्तीतली. दर पाचातलं एक, त्याहूनही थोडं जास्त. काही कुटुंबांत प्रेत उचलायला उभं राहू शकणारं कोणी उरलं नाही. तुतुइलावर, सुमारे ८,००० माणसांच्या वस्तीत, या साथीने एकही माणूस मेला नाही. बंदरावरची बंधनं १९२० पर्यंत राहिली. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी सामोआची जाहीर माफी मागितली ती २००२ मध्ये.

एकही नाही. हा आकडा वाचून मी डेकवर गेलो आणि बराच वेळ रेलिंगला टेकून उभा राहिलो. कारण मुंबईचा आकडा मला पाठ होता. १० जून १९१८ ला मुंबईचे सात पोलीस शिपाई, त्यांत गोदीवर पहारा करणाराही, तापाने दवाखान्यात गेले, तिथून आपल्याकडे नोंद सुरू होते. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी लिहिलं की ही साथ रात्रीच्या चोरासारखी आली. ऑक्टोबरात दुसरी लाट आली, आणि ६ तारखेला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. मुंबईची गोदी बंद होणं शक्यच नव्हतं. मेसोपोटेमियाच्या लढाईची ती वाट होती, पलटणी जात होत्या आणि येत होत्या, आणि त्या वाटेसाठीच ती गोदी तिथे होती. त्याच गोदीतून पणजोबा दसऱ्याला निघाले. त्यांना कुठल्याच काठावर कोणी हात दाखवून थांबवलं नाही. बंदरात उतरले, पडावातून पुळणीवर आले, आणि घरी गेले.

पण मी पॉयरच्या ठाण्याला देवघरात बसवणार नाही. ज्या मोकळ्या अधिकाराने एका माणसाला बंदर बंद करता आलं, त्याच अधिकारावर कोणाचा लगाम नव्हता. दोन वर्षांतच खोबऱ्याच्या हिशेबावरून, रस्त्यांच्या कामावरून, सामोअन लोकांना न विचारता केलेल्या कायद्यांवरून बेटावर असंतोष उसळला. त्या चळवळीला माऊ म्हणतात, आणि ठाण्यातलेच काही नौदल अधिकारी तिच्या बाजूने गेले. ३ नोव्हेंबर १९२० रोजी गव्हर्नर टरह्यून याने टेकडीवरच्या त्या पांढऱ्या घरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. चौकशीचं पथक घेऊन युद्धनौका वाटेवरच होती. ते घर पाहताना मला नंतर नेहमी दोन्ही गव्हर्नर आठवायचे, एकाच व्हरांड्यात.

दुसऱ्यांदा मी पांगो पांगोला गेलो तो एप्रिल २०२०. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि जगातलं एकही बंदर आम्हाला उतरू देत नव्हतं. बेटाने पुन्हा दार लावलं होतं, इतकं घट्ट की हवाई आणि मुख्य भूमीवर अडकलेली त्यांचीच माणसं पुढे कित्येक महिने घरी परतू शकली नाहीत. आम्ही धक्क्याला लागलो, होज जोडले, तेल उतरवायला लागलो. धक्क्यावरची माणसं लांबून, मास्क लावून. जहाजाचे कागद एका प्लास्टिकच्या डब्यातून दोरीने खाली सोडले. आमचा इंजिन रूममधला एक मोटरमन, बाप वारल्याची बातमी तीन दिवसांपूर्वी आलेली, गॅंगवेच्या वरच्या पायरीवर बसून होता. खाली जमीन पंधरा पावलांवर. त्याने मला विचारलं, "साब, खाली एकदा पाय टेकवून परत आलो तर?" मी नाही म्हणालो. त्याला पॉयरची गोष्ट सांगावी असं मनात आलं, पण सांगितली नाही. बाप गेलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचा हिशेब सांगायचा नसतो. मी त्याच्या शेजारी बसलो. पियोआवरून पाऊस खाली आला, आणि आम्ही दोघे भिजेपर्यंत तिथेच होतो.

जुलैअखेर कोचीला उतरलो. गाडीने गावाच्या वेशीपर्यंत आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. रस्त्यावर बांबू आडवा बांधला होता आणि त्याला एक फडकं, साडीचा तुकडा असावा, योगायोगाने पिवळाच. घोंगडीची खोळ घेऊन चार पोरं बसली होती. त्यातला एक उठून पुढे आला, दहा हातांवर थांबला. माझ्या चुलतभावाचा मुलगा. शेवटचा पाहिला तेव्हा त्याला मिसरूड नव्हतं. पाय अनवाणी, पावसाने पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"काकानू, रागवू नकात," तो म्हणाला. "गावाचो नियम आसा. चौदा दिस शाळेत रवाचा लागतला."

त्याचा आवाज कापत होता. मला घराचा दिवा तिथून दिसत होता, आई अंगणात उभी असणार हेही माहीत होतं. मी बॅग खाली ठेवली आणि त्याला विचारलं, "शाळेत पंखा आसा?"

"आसा," तो म्हणाला, आणि बॅटरीचा झोत पुढे टाकत, तेच दहा हात अंतर राखून, मला वाट दाखवत चालू लागला.